शेवटच्या शेताची पाळी

एका तालुक्याच्या गावात केतकी नावाची एक प्रोग्रामर होती. मोहित्यांच्या लहानशा कंपनीत ती आणि जनार्दन असे दोघे सॉफ्टवेअर लिहीत. जनार्दन वयाने बराच मोठा. केतकी नोकरीला लागली तेव्हा कोड कसा लिहायचा आणि अडलेला कसा सोडवायचा, हे त्यानेच तिला हाताला धरून शिकवलं होतं.

पुढे एआय आलं. काय हवं ते साध्या भाषेत सांगितलं, की कोड तयार. केतकीने ते हौसेने शिकून घेतलं. जनार्दनला मात्र त्याची धास्ती वाटे. तो पूर्वीसारखाच एकेक ओळ लिहीत बसे. हे मोहित्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी केतकीला बोलावलं आणि पाणीवाटप संस्थेचं नवं काम एआय वापरून एकटीने करायला सांगितलं. ते जमलं तर दोन माणसं ठेवायची गरज नाही, हेही आडपडदा न ठेवता सांगितलं.

केतकीला वाईट वाटलं. पण तिचं घर तिच्याच पगारावर चाले. तिने ते काम घेतलं.

आसपासच्या गावांत कालव्याचं पाणी शेतकऱ्यांना पाळीपाळीने मिळे. कोणाची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते, हे ज्याच्या त्याच्या मोबाईलवर कळवायचं होतं. केतकीने एआयला सगळं समजावलं आणि दुपारच्या चहाच्या आत प्रोग्राम उभा राहिला. संस्थेचे लोक खूश झाले. त्यांनी तो लगेच चालवून पाहायला घेतला. मोहित्यांनी केतकीची पाठ थोपटली. पुढचं ओळखून जनार्दन आपल्या टेबलाचा खण आवरू लागला. तिच्याशी मात्र तो नेहमीसारखंच हसून बोलला.

ते हसणं केतकीला लागून राहिलं. शिवाय ज्यांच्यासाठी प्रोग्राम केला, त्यांच्यापैकी एकाचंही शेत तिने पाहिलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती स्कूटर काढून कालव्याच्या कडेकडेने निघाली आणि थेट शेवटच्या शेतावर पोचली. तिथे हौसाबाई नावाची शेतकरीण खोरं घेऊन बांधावर उभी होती. पाळी सुरू झाल्याचा निरोप तिच्या मोबाईलवर आला होता. कालव्यातून शेतात पाणी आणणारी चारी मात्र कोरडी होती.

"पाळी सुरू झाली म्हनतोय ह्यो, पर पानी अजून वाटंतच हाय," हौसाबाई म्हणाली. "हितं येईस्तोवर माझी पाळी सपंल."

केतकी चपापली. कालव्याचं दार उघडल्यापासून पाणी टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, तो प्रोग्रामने धरलाच नव्हता. एआयने सांगितलेलं चोख केलं होतं. हे सांगायचं राहिलं होतं, कारण ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

चूक गुपचूप दुरुस्त करणं अगदी सोपं होतं. कोणाला कळलं नसतं आणि नोकरीही टिकली असती. पण दुसऱ्या दिवशी ती जनार्दनला सोबत घेऊन मोहित्यांसमोर उभी राहिली आणि घडलं ते सगळं तिने सांगून टाकलं.

"कोड आता चटकन लिहून होतो, सर," ती म्हणाली. "पण काय लिहायचं ते लोकांत जाऊन शोधावं लागतं आणि लिहिलेलं तपासावं लागतं. जनार्दनदादांनी हे काम पाहिलं असतं, तर त्यांनी आधी कालवा बघायला नेलं असतं. मी एकटी याला पुरी पडत नाही."

मोहित्यांनी संस्थेच्या कामाची फाईल पुढे ओढली आणि ती चाळू लागले. आता आपलीही नोकरी गेली, असं केतकीला वाटलं.

"दोघं मिळून करा," ते शेवटी म्हणाले. "पुढचं पुढे बघू."

मग जनार्दन तिला घेऊन चारीचारीने हिंडला. कुठे पाणी रेंगाळतं, कुठे झिरपतं, हे त्याने माणसांना विचारून विचारून काढलं. केतकीने त्याला एआय शिकवलं. शिकताना तो वैतागे, उठून जाई, पुन्हा येऊन बसे. पाणी प्रत्येक शेतापर्यंत पोचायला लागणारा वेळ दोघांनी मिळून प्रोग्राममध्ये धरला. त्यानंतरच्या पाळीला हौसाबाईच्या शेतात निरोप आणि पाणी एकदमच पोचलं.

हे पाहून शेजारच्या संस्थांनीही त्यांच्याकडे काम दिलं. वेळ नाही म्हणून जी कामं मोहिते पूर्वी परत पाठवत, ती ते आता घेऊ लागले. काही दिवसांनी तिसरा माणूस नेमायची वेळ आली, तेव्हा तो निवडायचं काम मोहित्यांनी त्या दोघांवरच सोपवलं.

तात्पर्य: यंत्र काम झटपट करून देईल, पण त्या कामाची जबाबदारी आणि सोबत्याची कदर माणसानेच ठेवायची असते; जो ती ठेवतो, त्याची गरज संपत नाही.