वाढती टेकडी आणि साखळदंडातलं झाड

एका राज्यात, दूर पूर्वेला, वेइशान नावाचा राजा होता. त्याने शेजारच्या म्हाताऱ्या राजाचं नगर जिंकलं, बागेसाठी तळं खणलं आणि निघालेली सगळी माती मेलेल्या म्हाताऱ्यासकट त्याच्या महालावर रचली. टेकडी झाली. माथ्यावर पाच मंडप उभे राहिले, उतारावर फुलं लागली, हरणं चरू लागली. बघणारा म्हणे, स्वर्ग आणखी काय वेगळा असेल?

पण टेकडी वाढू लागली. रोज हातभर. मावळतीला तिची सावली ज्याच्यावर पडे, तो मातीचा होई. आधी हरणं झाली, मग माळीण, मग दोन पहारेकरी. आता सावली राणीच्या उंबऱ्याला टेकली होती. आत पाळण्यात सहा महिन्यांचा राजपुत्र. पाळणा दुसरीकडे हलवावा, तर सावलीही तिकडेच वळे.

राणी यूनरूने पाणी पिणं सोडलं. सावली परतेपर्यंत थेंब घ्यायचा नाही असा नेम धरून ती सकाळीच टेकडी चढली. माथ्यावर म्हाताऱ्याच्या अंगणातून उपटून आणलेलं एक झाड साखळदंडांनी जखडलेलं होतं. फांदीवर पांढरी मैना.

"उशीर केलास, राणीबाई," मैना म्हणाली. "माळीण मातीची झाली तेव्हा नाही आलीस. आता घरावर आलं."

"चुकले," राणी म्हणाली. "उपाय सांग."

मैनेने तीन कामं सांगितली. तळ्याच्या तळाशी जाऊन, खणून काढलेल्या भूमीची क्षमा मागावी. गाडलेल्या राजाला स्वतःच्या हातच्या भाताचा नैवेद्य दाखवावा. आणि झाडाची साखळी काढावी. पण ती ज्याने घातली त्यानेच, खरं बोलून.

राणीने बुडी मारली. तळच्या गाळाने पाय धरले. मनोमन क्षमा मागितली, तसे सुटले. मग जन्मात न पेटवलेली चूल तिने पेटवली. दोनदा भात करपला, हाताला फोड आले. नैवेद्य दाखवताच टेकडीच्या पोटातून सुस्कारा आला. तोवर दिवस कलला होता.

दरबारात राजाने राणीचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की म्हातारा राजा त्या झाडाखाली बाण लागून मेला, म्हणून झाड अपराधी. तसा निवाडाच झाला आहे.

"बाण झाडाने मारला का, महाराज?" राणीने विचारलं.

राजा सिंहासनावरून उठला. "राजाने चूक कबूल केली, तर उद्या त्याचं कोण ऐकेल?"

"आणि नाही केली, तर तुम्हाला बाबा कोण म्हणेल?"

तेवढ्यात दासी धावत आली. पाळण्याचे पाय मातीचे झाले होते.

राजा अनवाणी टेकडीवर धावला, मागोमाग दरबार. झाडापुढे गुडघे टेकून तो मोठ्याने म्हणाला, "मी त्याला अभय दिलं, आणि पाठमोऱ्यावर बाण सोडला. झाड निर्दोष आहे. अपराधी मी."

किल्ली गंजलेल्या कुलपात फिरेना. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला, बोटं रक्ताळली, आणि साखळी गळून पडली.

टेकडी जागच्या जागी खचून ठेंगणी झाली. सावली चटईसारखी गुंडाळली जात मागे गेली. हरणांनी अंग झाडलं. माळीण उठून पहारेकऱ्यांवरच ओरडली, की माझ्या फुलांवर माती कोणी सांडली. महालात राणीने बाळाचं पाऊल हातात घेतलं. अंगठ्याला माती लागली होती. पुसली, तर खाली गुलाबी कातडी.

राजाने म्हाताऱ्या राजाच्या लेकीला तिचं नगर परत दिलं आणि टेकडीला तिच्या बापाचं नाव ठेवलं. जसं राजाचं मन मोकळं झालं, तसं सगळ्यांचं वेळेत होवो, आणि घरोघरचे पाळणे हलते राहोत.