राखेवरची पावले

ही गोष्ट मला सांगायची नव्हती. वाचनालयाच्या मंडळींनी तीनदा माणूस धाडला म्हणून सांगतो. मध्ये कोणी शंका काढू नये.

एकदा एक म्हातारा राखणदार डोंगरमाथ्यावरचा एका व्यापाऱ्याचा उन्हाळी बंगला सांभाळत असे. ज्येष्ठात पाऊस लागायच्या आत बंगला बंद व्हायचा, तो होळी झाल्यावर उघडायचा. मधले नऊ महिने तिथे धुके आणि माकडे. म्हाताऱ्याजवळ एक शिष्य होता, तिशी उलटलेला, संसारी. म्हाताऱ्याच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा आपल्या कमरेला यावा, ही त्याला एकच आस.

बंद करण्याचा म्हाताऱ्याचा नेम ठरलेला. प्रत्येक खोलीत चुलीची राख चाळून पसरायची, म्हणजे मागे कोण फिरकले ते कळते. मग त्या त्या खोलीच्या उंबऱ्यात उभे राहून तीन हाका मारायच्या, “दार लावतोय, निघा.” थोडे थांबायचे, मग कुलूप. गेल्या ज्येष्ठात हे सगळे शिष्याने एकट्याने केले होते.

होळीनंतर दोघे चढून आले. पावसासाठी भिंतींना बांधलेल्या गवताच्या झड्या सोडल्या, पायरीचे शेवाळ खरवडले.

“बाबा, यंदा किल्ल्या द्याल ना?” शिष्याने विचारले.

“आधी घर तर उघडू. किल्ल्यांना काय पाय फुटलेत?”

चार खोल्यांतली राख दुधावरच्या सायीसारखी अखंड होती. पाचवी खोली मागची, सरपणाची, बिनखिडकीची. तिचे दार उघडले आणि कोंदट वास आला. राखेवर पावले होती. सुपारीएवढी, गोल. लाकडांपासून दारापर्यंत, दारापासून लाकडांपर्यंत, पुन्हा दारापर्यंत. येऊन जाऊन वाट पडली होती. दाराशी तर राखच उरली नव्हती.

“उंदीर असतील,” शिष्य म्हणाला.

“एवढ्या पंजाचा उंदीर तुझ्या सासरी असेल. इथं हाक मारली होतीस?”

“मारली की.”

“तीन?”

“तीन.”

म्हातारा दारातून बाजूला सरला. मग म्हणाला, “आत जा. लाकडांमागं काय आहे बघ.”

शिष्य आत गेला. मागे दार लागले आणि कुलूप फिरले.

भर दुपारी आत मिट्ट काळोख. आधी तो हसला. “बाबा, पुरे चेष्टा. सांजच्याला शेठ येतील.” त्याने दार बडवले, ओरडला. आवाज लाकडांत शिरून परत येई, दर वेळी बारीक होऊन. शेवटचा आला तो त्याला आपला वाटला नाही. मग लाकडांमागे खरडल्यासारखे काही सुरू झाले. अगदी हलके, न थांबता.

दाराची फट चाचपायला तो वाकला. गुडघ्याच्या उंचीवर बोटांना चरे लागले. एकाखाली एक, खोल, फळी पोखरलेली. एका चऱ्यात काही बारीक, टोकदार अडकले होते. ते नख होते.

ज्येष्ठातल्या त्या दिवशी ढग भरून आले होते. सरपणात कोण असणार, म्हणून त्याने राख भिरकावून कुलूप घातले होते. बंगल्यावरची मांजर त्या दिवसापासून दिसली नव्हती, हेही त्याला आता आठवले.

तो खाली बसला. “मी हाक मारली नव्हती,” तो म्हणाला. कोणाला म्हणाला, त्याचे त्यालाच ठाऊक नाही. खरडणे थांबले. आणि कुलूप उघडले.

म्हातारा बाहेरच बसून होता. तो म्हणाला, “उघडणाऱ्याचं चुकलं तर त्याचं त्यालाच तिथल्या तिथं दिसतं. लावणाऱ्याचं चुकलं तर तो पाठ फिरवून घरी गेलेला असतो. ते आतल्यालाच कळतं, आणि आतल्याला कोणी विचारत नाही. तू दोन घटका आत होतास, अन् मी बाहेर आहे हे तुला ठाऊक होतं. तिला काय ठाऊक होतं?”

लाकडांमागे वाळून काष्ठ झालेली मांजर सापडली. ती त्यांनी जांभळीखाली पुरली. किल्ल्यांचा विषय शिष्याने पुन्हा काढला नाही.

ज्येष्ठ आला. शिष्याने खोली खोली राख चाळली, हाका मारल्या. सरपणाच्या खोलीत तिसरी हाक मारून तो थांबला. बाहेर थेंब पडू लागले तरी थांबला. मग त्याच्या घोट्याला काही मऊ घासून बाहेर गेले. त्याने खाली पाहिले नाही.

“गेलं?” म्हाताऱ्याने अंगणातून विचारले.

“गेलं.”

म्हाताऱ्याने कमरेचा जुडगा सोडून त्याच्या हातात दिला.

कोणतेही दार लावताना, मग ते घराचे असो की बोलण्याचे, आत कोणी राहिले का एवढे विचारावे. देवळाच्या सभेत माझे बोलणे अर्धे असताना “विषय संपला” म्हणून दिवा मालवून गेलेल्या माणसाने विचारले नव्हते, आणि बारा वर्षे झाली तरी माफी मागायला आलेला नाही. त्याचे नाव कोंडिबा ढेबे.