हिरवा दिवा आणि गप्प भोंगा

एका जंगलात, नदीच्या अगदी काठाला, एक सशीण राहत असे. तिच्या बिळात सहा पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली. पुराची सूचना द्यायला त्या काठावर दोन कॉम्प्युटर बसवले होते. एक बंद पडला, तर दुसऱ्याने लगेच काम उचलायचं. त्यांची देखरेख थराथरांनी चाले. सगळ्यात खाली मुंगी, वीज आणि वायरी सांभाळणारी. तिच्या वर खार. ती घडोघडी कॉम्प्युटरला "आहेस का?" विचारी, आणि तो "आहे" म्हणे. खारीच्या वर कावळा. उत्तर आलं नाही, तर तो काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर सोपवी. आणि सर्वांच्या वर होता पाणी मोजून भोंगा वाजवणारा प्रोग्राम. भोंगा वाजला की टेकडीवरची वानरं खाली येत आणि काठावरची पिल्लं उचलून नेत. भोंग्याशिवाय मात्र ती जागची हलत नसत.

एके दिवशी भर दुपारी पाणी काठावरच्या जांभळीच्या मुळांना लागलं. तिथवर पाणी आलं की भोंगा वाजायला हवा होता, पण वाजला नाही. झालं होतं असं, की भोंग्याचा प्रोग्राम सकाळीच अडकून पडला होता, आणि कॉम्प्युटर मात्र ठणठणीत होता. सशीण धापा टाकत कावळ्याकडे गेली.

"कावळेदादा, पाणी चढतंय! भोंगा का वाजत नाही?"

"खारीने काही कळवलं नाही. म्हणजे सगळं ठीक आहे," कावळा म्हणाला.

खार म्हणाली, "मी विचारते, तो 'आहे' म्हणतो. आणखी काय करू?"

मुंगीने तर वर बघितलंही नाही. "माझा दिवा हिरवा आहे, बाई."

"अहो, पण भोंगा वाजतो की नाही, हे कोण बघतं?"

"ते काही माझं काम नाही!" तिघंही एका सुरात म्हणाले. आता काय म्हणावं या मंडळींना, बालमित्रांनो! नदी दाराशी आली, तरी यांचं आपलं सगळं ठीक!

सशीण वैतागली. तिने पुढे होऊन पहिल्या कॉम्प्युटरची वायरच कुरतडून तोडली. तुम्ही असलं काही करू नका; तिची पिल्लं बुडत होती. कॉम्प्युटर बंद पडला. "उत्तर येत नाही!" खार किंचाळली. कावळ्याने काम दुसऱ्या कॉम्प्युटरवर सोपवलं. तिथल्या प्रोग्रामने पाणी मोजलं आणि लगेच भोंगा वाजवला. वानरं धावत खाली आली.

टेकडीवर पोचल्यावर कावळा ऐटीत म्हणाला, "बघितलंस? आमची व्यवस्था कशी वेळेवर कामाला आली!"

मुंगी रागाने लाल झाली होती. "हिने माझा हिरवा दिवा विझवला. हिला शिक्षा झालीच पाहिजे!"

 सशीण ओली पिल्लं चाटत होती. सहाच्या सहा होती.

तात्पर्य : आपल्यापुरतं सगळं ठीक आहे म्हणून काम झालं असं होत नाही; ज्याच्यासाठी ते मांडलं, त्याच्यापर्यंत पोचलं का, हे आधी बघावं.