ओढून पाहिलेले कुलूप

एकदा एका अत्तरवाल्याला स्वतःच्याच दाराचा धसका बसला.

त्रिंबक त्याचे नाव. माणूस सरळ, व्यवहाराला चोख, पण दाराला कुलूप घातले की जिवाला घोर लागायचा. किल्ली फिरवायची, कुलूप धरून हिसका द्यायचा, चार पावले जायचे, परत येऊन आणखी एक हिसका द्यायचा. तसा एखादा हिसका तुम्हीआम्हीही देतोच म्हणा. पण त्रिंबकाचे हिसके काही केल्या संपत नसत. शेजारीपाजारी हसत. तोही हसे, आणि हसता हसता पुन्हा मागे फिरे.

घोर लागायला कारणही तसेच होते. आईने शेवटच्या आजारात आपले दागिने लेकीसाठी म्हणून त्याच्या हवाली केले होते. ही लेक म्हणजे त्रिंबकाची धाकटी बहीण वेणू, घाटापलीकडच्या गावी दिलेली. सासरच्या मोठ्या खटल्याच्या घरात आपल्या हाती काही उरायचे नाही, तेव्हा ऐवज दादाकडेच असू दे, असे तिनेच सांगितले होते. तो डबा जपणे हा आपला धर्मच, असे त्रिंबकाने मनाशी पक्के केले होते.

आणि आता वेणूच आजारी पडली. बाळंतपणानंतरचा ताप अंगात मुरला होता. दादाला एकदा पाहायचे आहे, असा तिचा निरोप आला. त्रिंबक तडक निघाला आणि वेशीवरून परतला. कुलूप जागच्या जागी होते. दुसऱ्या दिवशी तो घाटाच्या पायथ्यापर्यंत पोचला, आणि तिथूनही परतला. डबा बरोबर न्यावा तर घाटात लुटारूंचे भय. पुन्हा निरोप आला, पण या वेळी वेणूने एवढेच कळवले होते, की जमले तर ये. ते 'जमले तर' त्रिंबकाच्या काळजात रुतून बसले.

गावात एक वृद्ध होते. उमेदीच्या काळात त्यांनी कुलपे घडवली होती. आता ते देवळाच्या ओसरीवर बसून लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी समजावत. त्रिंबक त्यांना गुरुस्थानी मानी. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्याकडे गेला आणि याहून दुप्पट जड कुलूप करून द्या, म्हणून हट्ट धरून बसला. एवढी घाई कशासाठी, असे त्यांनी विचारले तेव्हा त्याने सगळी हकिकत सांगितली. वृद्धांनी जुन्या हत्यारांची पिशवी उचलली आणि ते त्याच्या घराकडे चालू लागले.

दारापाशी आल्यावर त्यांनी त्याला कुलूप लावायला सांगितले, आणि रोजच्यासारखे ओढून पाहायला सांगितले. त्याने ओढून पाहिले. ते म्हणाले, आणखी. त्याने आणखी ओढले. येणारेजाणारे थबकून पाहू लागले. त्रिंबकाला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण गुरूंचा शब्द मोडवेना. आणि खरे सांगायचे तर, हातालाही थांबवेना. तेवढ्यात कर्रकन आवाज झाला. चौकटीतला कोयंडा खिळ्यांसकट उपटला आणि कुलपासह त्याच्या हातात आला. दार आपले आपण सताड उघडले.

त्रिंबक पांढराफटक पडला. कसाबसा म्हणाला, "बाबा, हे काय करवून घेतलंत माझ्याकडून?"

वृद्ध उंबऱ्यावर बसले. त्यांनी कुलूप खोलून त्याच्यापुढे धरले.

"या पितळी पट्ट्या बघ. किल्लीचा एकेक दात एकेक पट्टी हवी तेवढीच उचलतो, तेव्हा कुठे खिट्टी सरकते. एक जरी पट्टी कमीजास्त उचलली गेली तरी कुलूप उघडत नाही. या पट्ट्या अजून जशाच्या तशा आहेत. आता ही चौकट बघ. खिळ्यांची ही भोकं कुणी मोठी केली? चोर तर इकडे फिरकलाही नाही."

त्रिंबकाने एका भोकात बोट घालून पाहिले.

"किल्ली फिरली तेव्हाच तुझं कुलूप लागलं होतं. त्यानंतरचे हिसके तू तुझ्या भीतीसाठी दिलेस. अरे, घरातच बसून राहायचं तर आतून अडसर घातला की झालं. बाहेरून कुलूप लावतात ते माणसाला घर सोडून जाता यावं म्हणून. जिचा ऐवज राखतोयस, ती तिकडे तुझी वाट बघतेय."

मग त्यांनी पिशवीतून लांब टोकांचा नवा कोयंडा काढला, चौकटीतून आरपार नेला आणि टोके आतल्या अंगाने ठोकून वळवली. आता बाहेरून कुणी कितीही ओढले तरी तो उपटणार नव्हता. त्यांनी कुलूप पुन्हा जोडून दिले आणि त्रिंबकाला किल्ली फिरवून नुसते ऐकायला सांगितले. 'टक' असा बारीक आवाज आला. सवयीने त्रिंबकाचा हात कुलपाकडे गेला. वृद्धांनी त्याच्याकडे फक्त पाहिले, आणि हात मागे आला.

तो तसाच निघाला. मन शांत झाले वगैरे काही नाही हं. घोर त्याच्यासोबतच घाट चढला. वेशीवर पाय अडखळले, पायथ्याशी तर मूठ वळून हवेतच एक हिसका बसला. पण त्याने तो 'टक' आवाज आठवला आणि पाय पुढे टाकला.

वेणू अंथरुणाला खिळली होती. दादाला पाहून तिला रडू आवरेना. तिने त्याचा हात हातात घेतला. कुलूप ओढून ओढून त्या हाताला घट्टे पडले होते. त्यांवरून अंगठा फिरवत ती चाचरत म्हणाली, "दादा, लगेच परत जाशील ना रे?"

त्रिंबकाने डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली.

"नाही गं," तो म्हणाला, "दाराला कुलूप लावून आलोय."

आणि तिच्या उशाशी त्याने ऐसपैस मांडी घातली.