भिवरेची ओटी

वाघझरीच्या बारवेकाठी तेव्हा सिदगीर महाराजांचा मुक्काम होता. भिवरा कुंभारीण रोज त्यांच्यापुढे पाण्याचा घडा नेऊन ठेवी. तिची दोन बाळं जन्मताच गेली होती. आता पुन्हा सातवा महिना लागला, आणि रिकामा पाळणा करकरल्याचा भास होऊन ती बिचारी दचके.

"महाराज, लई भ्या वाटतं. जवळ बसाया कुणी न्हाई."

महाराज म्हणाले, "डोहाळजेवण कर. येतील बसायला."

भिवरेचं आमंत्रण ऐकून पाटलीण ठकूबाई पाणवठ्यावर खो खो हसली. "हिची ओटी भराल तर आपल्या लेकीसुनांस्नी बाधा व्हईल! त्या गोसाव्यालाच बसवा म्हणावं पंगतीला!" पाटलिणीपुढे तोंड उघडणार कोण? एकही बाई गेली नाही.

भिवरा हिरवं लुगडं नेसून पाटावर बसून राहिली. तिन्हीसांज झाली, वाढलेली पानं निवली. पोटातलं बाळही हलेना! घाबरून तिने महाराजांचा धावा केला. जेवणाला येऊन अंगणात बसलेले महाराज डोळे मिटून एवढंच म्हणाले, "या गं मायांनो."

ठकूबाई गंमत बघायला आली होती. तिने दारातून डोकावलं. दिव्याची ज्योत ताठ उभी होती. मोकळ्या केसांच्या, ओलेत्या बाया भिवरेभोवती बसल्या होत्या. एकीच्याही बांगड्या वाजत नव्हत्या. एकीने मान वळवली. बाळंतपणात गेलेली ठकूबाईची लेक शेवंता! व्याह्यांशी रुसून ठकूबाईने लेकीचं डोहाळजेवण केलं नव्हतं, आणि तिच्या अखेरच्या कळांनाही ती गेली नव्हती.

"आई, माज्याजवळ कुणीच नव्हतं गं," शेवंता म्हणाली. "म्हणून आमी अशा समद्याजणी हिच्याकडं आलो."

वारा नसताना दिवा फडफडला. आत भिवरेवाचून कुणीच नव्हतं. पानं मात्र रिकामी होती, आणि तिच्या ओटीत एक ओला खण होता. शेवंतासाठी घेतलेला, ठकूबाईच्या कुलूपबंद पेटीतला!

"हललं! बाळ हललं!" भिवरा रडत हसली.

ठकूबाई महाराजांच्या पायांवर कोसळली. "चुकले, महाराज!"

"माझ्या पायांशी काय आहे? तिच्याजवळ जा."

ती आत गेली आणि कुंभारणीपुढे तिने डोकं टेकलं. "बाय, माज्या लेकीची ओटी ऱ्हायलीया. तुजी भरू दे." भिवरेने पदर पुढे केला.

पुढे भिवरेला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिचा हात ठकूबाईच्या हातात होता. लेक झाली. ठकूबाईने तिला शेवंता म्हणून हाक मारली, तेव्हा बाहेर ओट्यावर महाराजांनी हात जोडले.