चौथा टॉर्च

“…मग यात कमी काय आहे, चाचा? एवढं तरी सांगा.”

दस्तगीरचाचांनी टॉर्च हातात घेऊन उलटसुलट पाहिला. अभिनंदन मगदूमने आणलेला हा तिसरा टॉर्च. आधीचे दोन त्यांनी न बोलता परत केले होते.

पुण्यातली इंजिनिअरची नोकरी सोडून अभिनंदन मिरजेला आला होता, तो चाचांच्या हाताखाली शिकायला. चाचांची उभी हयात लेथवर धातू कातण्यात गेलेली. आणि अभिनंदनला वेड होतं हाताने घडवलेल्या टॉर्चचं. असे वेडे देशभर होते. कुणी नव्या टॉर्चचा फोटो टाकला, की मोबाइलवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये दिवसभर दुसरा विषय निघत नसे. त्यातले चाळीसजण अभिनंदनच्या टॉर्चसाठी थांबले होते. रोज विचारत होते.

पण चाचा ‘हो’ म्हणेपर्यंत एकही पाठवायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

चाचांनी झाकण फिरवलं. टायटॅनियमचे आटे कुठे अडले नाहीत, कुरकुरले नाहीत. त्यांनी उजेड भिंतीवर टाकला.

“काय दिसतं?”

“मधोमध पांढराशुभ्र गोल. पिवळेपणा औषधालाही नाही.”

“अजून?”

“कड बघा ना. रेघ ओढल्यासारखी.”

“अजून…?”

अभिनंदन उजेडाच्या गोलाकडेच बघत राहिला. भिंतीवर काय होतं, ते त्याने पाहिलंच नव्हतं.

“पुन्हा कर,” चाचा म्हणाले.

त्याने चौथा करायला घेतला. उजेड फेकणारी आतली वाटी घासून घासून आरशासारखी केली. आटे चौदा वेळा कापले. अंगठ्याला फोड आला, तो फुटला, त्यावर पट्टी बांधून पंधराव्यांदा कापले. एकोणीस दिवस गेले. ग्रुपमधल्या कुणाला त्याने उत्तर दिलं नाही.

विसाव्या दिवशी सकाळी तो चौथा टॉर्च मखमली कापडात गुंडाळून कारखान्यात आला. चाचा बंद लेथच्या खाली उताणे पडले होते. तेलाची नळी गळत होती.

“चाचा, झाला.”

“आणलास? इकडे धर. काही दिसत नाही.”

अभिनंदन गुडघ्यावर बसला. टॉर्चच्या अंगावर मोरपिसासारखी निळी-जांभळी झाक होती. त्याने उजेड नळीवर धरला. चाचांनी नटाला पाना लावला, जोर दिला. वरून काळ्या तेलाचा थेंब सुटला. तो टॉर्चवर पडणार, म्हणून अभिनंदनने हात मागे घेतला.

उजेड हलला. पाना निसटला. चाचांच्या बोटाचं सालटं निघालं.

रक्त कोपरापर्यंत ओघळलं. चाचांनी ते पुसलं नाही…

“धर,” ते म्हणाले.

अभिनंदनने धरला. पुन्हा थेंब सुटला. मग दुसरा. काळं तेल निळ्या झाकेवरून, बोटांमधून, मनगटावरून घड्याळात शिरलं. त्याने हात हलवला नाही. आता तो टॉर्चकडे पाहत नव्हता. पाना नटावर बसतो का, तेवढंच पाहत होता.

नट आवळला गेला. गळती थांबली.

चाचा सरपटत बाहेर आले आणि चिंधी शोधू लागले. अभिनंदनने मखमलीचं कापड पुढे केलं. त्यांनी ते बोटाला गुंडाळलं.

“चाचा,” टॉर्च बंद करत त्याने विचारलं, “उजेड कसा होता?”

“कुठला उजेड? मला तर नट दिसत होता.”