आत्याबाईंनी आणलेले नाव

एका राज्यात नावांची फार ऐट होती. इतर राज्यांत लोक घोड्यांची ऐट करतात, पागोट्यांची करतात, मिशांची तर करतातच. इथे मुलग्यांच्या नावांची करत. एकाचे नाव दुसऱ्याला असता कामा नये, असा तिथला रिवाज. मुलगा झाला की बाप पंडितांच्या ओसरीवर ठाण मांडून बसे, आई आपली जुनी स्वप्ने आठवी, आणि शेवटी असे काही नाव निघे की उच्चारताना शेजाऱ्याची बोबडी वळावी. मग चव्हाट्यावर दवंडी पिटत: अमक्याच्या मुलाचे नाव आजपासून अमुक, हे नाव पुन्हा कुणी ठेवू नये. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशा घरांतूनही दवंडी मात्र थाटाची होई. मुलींच्या नावांचा कुणी एवढा घोर केला नव्हता. एकेका आळीत चार केतक्या आणि पाच शेवंत्या सुखाने नांदत.

या राज्याच्या उत्तरेला काळा डोंगर होता आणि डोंगरावर धूम्रकेश नावाचा मांत्रिक राहत होता. त्याच्यापाशी गुहाभर शापित सोने होते आणि ते राखायला त्याला पहारेकरी हवे होते. दवंड्या त्याच्याही कानी पडत. एका संध्याकाळी त्याने डोंगरमाथ्यावरून एका मुलाला त्याच्या नावाने हाक मारली. मुलगा अंगणात विटीदांडू खेळत होता. तो "ओ" म्हणाला, हातातला दांडू टाकून चालू लागला आणि गुहेच्या दारी जाऊन दगडाचा झाला. दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्याला हाक आली. ज्याला चालता येई तो चालत जाई, रांगता असे तो रांगत जाई. तान्हे मूलदेखील त्या हाकेला ओ देई.

लोकांनी दवंडी बंद केली, तरी उपयोग झाला नाही. सकाळी बारशाला नाव घेतले की वारा ते उचली आणि सूर्यास्ताला डोंगरावर पोचवी. दृष्ट लागू नये म्हणून कुणी धोंडू ठेवून पाहिले, कुणी केरबा. धोंडूही गेला, केरबाही गेला. मग आया मुलांना नावच ठेवीनात. पण बिननावाचे मूल जगात टिकणार कसे? त्याची सावली फिकी पडत जाई आणि वर्ष उलटता उलटता ते सकाळच्या धुक्यासारखे विरून जाई. नाव ठेवावे तर दगड, न ठेवावे तर धुके, अशी त्या राज्याची गत झाली.

अशा काळात राजा शूरकेतूला मुलगा झाला.

राजाला एक थोरली बहीण होती. नाव केतकी, पण सारा वाडा तिला आत्याबाई म्हणू लागला होता. तिला घोड्यावर बसता येई, कुऱ्हाड चालवता येई आणि भावाला गप्प बसवता येई. हे तिसरे राज्यात दुसऱ्या कुणाला जमत नसे. भाच्यावर तिचा जीव जडला होता. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून पाळण्याजवळून जाताना तिला रोज चोरट्यासारखे वाटे.

एके दिवशी राणी मुलाला घेऊन अंगणात उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, उन्हात धरले तरी याची सावली दिसत नाही हो."

आत्याबाईंनी पाहिले. फरशीवर राणीची सावली होती, सावलीच्या कडेवर काही नव्हते. तितक्यात कुंपणावर एक भारद्वाज येऊन बसला. डोळे गुंजेसारखे लाल, पंख तांब्याचे. तो बोलू लागला.

"जगातली नावे वाटून झाली तेव्हा एक उरले. ते अजून कुठल्याच जिभेवर आलेले नाही. त्याची तीन अक्षरे तीन ठिकाणी आहेत. आणशील?"

"वाट सांग," आत्याबाई म्हणाल्या.

पहिले अक्षर उलट्या धबधब्याच्या तळाशी होते. तो धबधबा खालून वर पडत असे, आणि त्यात जो उतरे त्याला आभाळात फेकून देई. आत्याबाईंनी गावातून जात्याची जड तळी मागून घेतली, पाठीशी बांधली आणि उतरल्या. पाण्याने फार ओढून पाहिले, मग नाद सोडला. तळाच्या शेवाळात 'व' चमकत होता. तो त्यांनी पदराच्या गाठीत बांधला.

दुसरे अक्षर एका नागाच्या फण्याखाली होते. युगे लोटली, त्या नागाला झोप लागली नव्हती आणि त्यामुळे तो फार चिडका झाला होता. "आधी कुणाला खाल्ले ते आठवत नाही," तो म्हणाला, "पण तुला खाईन ते आठवेल."

"खा. पण आधी माझ्या भाच्याचा पाळणा म्हणू दे. आज त्याला तो ऐकायला मिळाला नाही."

आणि नागापुढे मांडी घालून आत्याबाई गाऊ लागल्या:

"जो जो रे बाळा, नीज रे वेल्हाळा,
नाव नाही तुला, तरी लागला लळा."

पुढच्या ओळीत बाळाचे नाव यायचे. तिथे त्या नुसत्याच गुणगुणत. नागाने जड डोळ्यांनी विचारले, "इथे नाव का गाळतेस?"

"तेच न्यायला आले आहे."

नागाने फणा टेकला आणि तो घोरू लागला. आत्याबाईंनी 'नी' अलगद काढून घेतला. जाताना त्याच्या अंगावर आपली शाल टाकली.

तिसरे अक्षर हाकांच्या वनात होते. त्या वनातले प्रत्येक झाड कधीकाळी माणूस होते आणि कुठल्यातरी हाकेला ओ देऊन झाड झाले होते. आत्याबाई पदर दातांत धरून आत शिरल्या. आधी वन त्यांच्या गेलेल्या आईच्या आवाजात बोलले. त्यांनी पदर घट्ट चावला. मग युद्धात पडलेल्या नवऱ्याच्या आवाजात बोलले. त्या रडल्या, पण चालत राहिल्या. शेवटी अगदी जवळून एका लहान मुलाची हाक आली, "आत्या."

भाचा अजून बोलत नव्हता. ही हाक त्याची नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरी पाय थांबले आणि तोंड उघडायला आले. बोलायला लागायच्या आत हे पोर विरून गेले तर हा शब्द आपण पुन्हा ऐकणार नाही, असे मनात येऊन छाती फुटायची वेळ आली. पण त्याला खरोखरीच हाक मारता यावी म्हणून तर ही पायपीट चालली होती. त्यांनी डोळे मिटले आणि पुढचे पाऊल टाकले. वनाच्या पलीकडे उंबराच्या ढोलीत 'र' होता.

तीन अक्षरे गाठीला बांधून आत्याबाई घरी निघाल्या तेव्हा त्यांना आकाश ठेंगणे झाले होते. असे नाव कुणाला नव्हते, होणार नव्हते. दवंडीचे शब्दही त्यांनी मनाशी जुळवले. वेशीपाशी भारद्वाज भेटला.

"नाव छान आहे," तो म्हणाला. "सकाळी ठेवशील, संध्याकाळी धूम्रकेशाला कळेल."

"मग मला कशाला पाठवलेस?"

"नाव कुठे आहे ते मला ठाऊक होते. राखायचे कसे, ते ठाऊक नाही." पक्षी उडून गेला.

आत्याबाई पाणवठ्याच्या पायरीवर मटकन बसल्या. एवढ्यात वरून एका बाईने हाक मारली, "अगं केतके!" विहिरीवरच्या चार बायकांनी वळून पाहिले, आणि पायरीवरून आत्याबाईंनीही.

"अगं बाई, इतक्या जणी?" हाक मारणारी गोंधळून म्हणाली. "आता मी कुणाला नेऊ?"

बायका हसल्या. आत्याबाई हसल्या नाहीत. इतक्या वर्षांत मांत्रिकाने एकही मुलगी नेली नव्हती. का नेली नव्हती, ते त्यांना तिथल्या तिथे उमगले, आणि उमगले तसे वाईटही वाटले. नाव त्यांनी जिवावर उदार होऊन आणले होते. ते आता गाठ सोडून वाटून टाकायचे होते.

राजाने ऐकले आणि तो लाल झाला. "अक्का, राजपुत्राचे नाव कोळ्याच्या पोराला? कुंभाराच्या पोराला?"

"सगळ्या पोरांना."

"मग त्यात राजपुत्राचे काय उरले?"

"राजपुत्र उरेल," आत्याबाई म्हणाल्या. "नाव ठेवायचा मान माझा आहे, राजा. तुझा नाही."

राजा गप्प बसला.

राज्यातल्या सगळ्या आत्यांना सांगावे गेले. ज्या मुलाला सख्खी आत्या नव्हती, त्याची शेजारीण आत्या झाली. ठरल्या दिवशी सूर्य उगवताना आत्याबाईंनी भाच्याच्या कानाशी तोंड नेले, "कुर्र" केले आणि तीन अक्षरे एकत्र उच्चारली: वनीर. रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. फरशीवर सावली उमटली, काळी आणि गुटगुटीत.

मग नाव निघाले. एका आत्याने दुसरीच्या कानात सांगितले, दुसरीने भाच्याच्या आणि तिसरीच्या. ऊन चढेपर्यंत ते कुंभारवाड्यात पोचले, दुपारी नदी उतरून कोळ्यांच्या वस्तीत. घोडेस्वार आत्या होत्या, होडी वल्हवणाऱ्या होत्या, कंबर धरून टेकडी चढणाऱ्या म्हाताऱ्या आत्या होत्या. राज्यभर "कुर्र" आणि धपाट्यांचे आवाज चालले होते. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा शेवटच्या पाड्यावर एक आत्या धापा टाकत पाळण्यापाशी पोचली. तिने "कुर्र" केले आणि सूर्य बुडाला.

डोंगरावर धूम्रकेश खूश होऊन उठला. इतके नवेकोरे नाव त्याने कधी ऐकले नव्हते. त्याने छाती भरून हाक मारली, "वनीर."

"ओ," राजवाड्यातून आवाज आला. "ओ," कुंभारवाड्यातून आला. "ओ," नदीपलीकडून, रानातून, पाड्यावरून आला. हाक म्हणजे त्याचा फास होता, आणि फास एका मानेचा होता. तो इकडे ओढला तर तिकडून ताणला जाई. धूम्रकेशाने सोडू म्हटले, पण आपलीच हाक त्याला सोडता येईना. सगळीकडून ती ताणली गेली आणि तटकन तुटली. तिच्याबरोबर त्याचा आवाज तुटला, आणि आवाजाबरोबर शाप.

गुहेच्या दारी दगडांना घाम फुटला. पोरे डोळे चोळत उठली आणि डोंगर उतरून आपापल्या घरी जेवायला गेली. सोने तिथेच राहिले. न्यायला कुणी आले नाही. धूम्रकेश मुका होऊन कुठे निघून गेला, कळले नाही. त्याचे नाव मात्र आजवर कुणी आपल्या पोराला ठेवलेले नाही.

राजाने जुना रिवाज मोडला. पण लोक हट्टीच. आता ज्याच्या त्याच्या घरी वनीर. गुरुजींनी हाक मारली की अर्धी पाठशाळा उभी राही. सावकार वनीर, नावाडी वनीर, आणि शूरकेतूच्या मागे गादीवर बसला तोही वनीरच. पूर्वी लोक आपल्या नावापुरते ताठ चालत. आता एका वनीरने कुस्ती मारली की साऱ्या वनीरांच्या माना ताठ होत.

पुढे एकदा परदेशचा दूत दरबारी आला. नमस्कार करून त्याने विचारले, "महाराज, आपल्या राज्यात जो भेटतो तो वनीर. या नावाचा अर्थ काय?"

पंडित खाकरले. पण चिकाच्या पडद्यामागून म्हाताऱ्या आत्याबाई बोलल्या, आणि दरबार ताठ बसून ऐकू लागला.

"ज्याला एकट्याला कुणी नेऊ शकत नाही, तो वनीर."

दूताने पडद्याकडे वळून पुन्हा नमस्कार केला. मग हळूच म्हणाला, "आत्याबाई, गेल्या महिन्यात मला मुलगा झाला. हे नाव आमच्याकडे नेले तर चालेल?"

"न्या की," आत्याबाई म्हणाल्या. "पण कानात तुमच्या बहिणीला सांगू द्या. तो मान तिचा."